आभाळबाई आणि राजाचं मुसळ

जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. लेकरांनो, ऐका. आणि लेकरांच्या आयांनो, तुम्ही जरा जवळ सरकूनच ऐका.

त्या राज्यात एक बाई होती. तिचं खरं नाव लोक विसरून गेले होते. सगळे तिला आभाळबाई म्हणत, कारण ती सारखी वर बघायची. पाणी भरायला निघाली तरी वर, भाकरी थापता थापता दारात आली तरी वर. शेजारच्या बाया तिची थट्टा करत.

"काय गं, वर कुणाचं लगीन लागलंय का?"

"लागलंय," ती म्हणायची. "पण तुम्हाला आवतण नाही."

बाया हसायच्या, तीही हसायची. पण ती वर का बघते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

ती सात-आठ वर्षांची असताना, भर बाजाराच्या दिवशी, भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं होतं. असं होणार हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. ऊन पिवळं पडलं, मग राखाडी झालं. कुणीतरी ओरडलं की राक्षसानं सूर्य गिळला. झालं. माणसं पळाली, बैल उधळले, माणसांच्या अंगावरून माणसं गेली. हिच्या हाताला धरून हिची धाकटी बहीण चालली होती. गर्दीच्या रेट्यात हात सुटला. उजेड परत आला तेव्हा सूर्य जसाच्या तसा होता. बहीण नव्हती.

त्या दिवसापासून त्या पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सूर्यानं कुणाला मारलं नाही, भीतीनं मारलं. हे येणार हे आधी कळलं असतं, तर कुणी पळालं नसतं.

मग ती वर बघायला लागली. लग्न झालं तरी बघत राहिली. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक राहिली, म्हाळू, तरी बघत राहिली. चंद्र कधी उगवला, कुठून उगवला, सूर्याच्या किती जवळून गेला, त्याच्या ती सुतळीला गाठी मारायची. घराच्या आढ्याला अशा गाठींच्या सुतळ्या लोंबत असायच्या. पाहुण्यांना वाटायचं कांद्याच्या माळा बांधायच्या तयारीत आहे.

आणि एक दिवस तिला ते कळलं. राक्षस नाही, साप नाही, काही नाही. चंद्र फिरता फिरता सूर्याच्या आणि आपल्या मधे येतो, तेवढंच. त्याची सावली आपल्यावर पडते आणि पुढं सरकते. आणि तो पुन्हा कधी मधे येणार हेही गाठींवरून सांगता येतं. त्या राज्यात हे कळलेली ती पहिलीच बाई, पहिलंच माणूस.

ती राजाकडं गेली. "महाराज, येत्या अमावास्येला, ऊन डोक्यावर यायच्या आधी, सूर्याला ग्रहण लागेल. लोकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणी पळणार नाही."

दरबार हसला. राजा हसला नाही, त्यानं दवंडी पिटवली. आणि अमावास्येला, तिनं सांगितलं त्याच वेळी, सूर्याचा कोपरा कुरतडल्यासारखा दिसायला लागला. लोक घरात बसून राहिले. कुणी पळालं नाही, कुणी चेंगरलं नाही. त्या दिवशी आभाळबाई न्हाणीत जाऊन एकटीच रडली, धाकटीसाठी.

राजानं तिला बोलावून मान दिला, आकाश बघायला वाड्यातली सगळ्यात उंच गच्ची दिली. मग विचारलं, "बाई, तुम्हाला हे कळतं कसं? ग्रहण असतं तरी काय?"

उत्तर तिच्या ओठावर आलं होतं. पण राजाच्या बाजूला राजगुरू बसले होते, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडलेली तिला दिसली. तिच्या मनात आलं, राक्षस नाही म्हटलं तर हे सगळे चिडतील. गच्ची जाईल. आणि सांगून ह्यांना समजणार थोडंच आहे?

"वेळ कळल्याशी कारण, महाराज," ती म्हणाली. "बाकी माझा हिशोब माझ्यापाशी."

सगळे खूश झाले. राजगुरूंच्या कपाळाची आठीही गेली.

असं वर्षामागून वर्ष गेलं. आभाळबाई वेळ सांगायची, दवंडी पिटायची, ग्रहण यायचं आणि जायचं. पण खाली गावात काय होत होतं, हे गच्चीवरून तिला नीट दिसत नव्हतं. पूर्वी भीती ग्रहणाबरोबर यायची आणि ग्रहणाबरोबर जायची. आता ती दवंडीबरोबर यायला लागली. आधी लोक ग्रहणापुरते उपाशी राहायचे, मग आदल्या दिवसापासून राहायला लागले. कुणी भरलेले रांजण ओतून द्यायचे, कुणी बाया तान्ह्या पोरालाही अंगावर घ्यायच्या नाहीत. वेळ पक्की कळली होती ना. मग भ्यायलाही पक्की वेळ मिळाली.

कधीतरी म्हाळू म्हणायची, "आई, लोकांना सांग की ती नुसती सावली आहे. सुनाबाळा दिवसभर पाण्यावाचून तळमळतात."

"सांगू गं कधीतरी," ती म्हणायची. "चेंगरत तर कुणी नाही ना आता."

मग ते मोठं ग्रहण जवळ आलं. ह्या वेळी सूर्य पुरता झाकला जाणार होता, दिवसा चांदण्या दिसणार होत्या. आभाळबाई उभा जन्म ज्याची वाट बघत होती, ते हे ग्रहण. तिनं वेळ सांगितली, पण ह्या वेळी राजाचा चेहरा उतरला. कारण राणीला दिवस होते.

आता हे तुम्हाला माहीतच आहे, की पोटुश्या बाईवर ग्रहणाची सावली पडू नये म्हणून लोक तिला आत कोंडून ठेवतात. राजाला वाटलं, माझी राणी जपायची आणि गावच्या लेकीसुना उघड्यावर, असं कसं? राजा मनाचा चांगला होता. हीच तर मोठी भीतीची गोष्ट आहे, की तो मनाचा चांगला होता.

त्यानं दवंडी पिटवली. राज्यातल्या झाडून सगळ्या गरोदर बायांनी वाड्याच्या तळघरात यायचं. राणीसुद्धा तिथंच बसेल. तळघराचे झरोके शेणामातीनं लिंपून घेतले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, की सावलीचा धागासुद्धा आत शिरू नये. दाराला बाहेरून अडसर. ग्रहण लागायच्या आधी दार लावायचं आणि ग्रहण सुटल्यावरच उघडायचं.

ग्रहण सुटलं हे ओळखायचं कसं? तर ते ओळखायची त्या राज्यात जुनी रीत होती. परातीत पाणी घ्यायचं, त्यात मुसळ उभं करायचं. ग्रहण असेतोवर मुसळ उभं राहतं, सुटलं की पडतं, असं सगळे मानायचे. घरोघरची मुसळं कांडून कांडून खाली गोल झालेली असायची. कसंबसं उभं केलं तरी घटकाभरात वाऱ्यानं नाहीतर कुणाच्या पावलाच्या धक्क्यानं पडायचीच. ते पडायच्या आत कुणी वर बघायचं नाही, आणि पडल्यावर वर बघितलं की सूर्य निम्मा तरी मोकळा असायचाच. रीत खरी ठरायची.

पण राजाच्या अंगणात घरचं जुनं मुसळ कसं शोभणार? राजानं सुताराला नवं करायला सांगितलं. सुतार कामाला चोख. त्यानं खैराचं लाकूड घेतलं, तळ रंध्यानं तासून सपाट केला, खाली रुंद पितळी कडं ठोकलं. करताना त्याला एवढंच वाटत होतं, की चारचौघांत राजाचं मुसळ डगमगून पडलं तर आपली अब्रू जाईल.

ग्रहणाचा दिवस उजाडला. म्हाळूचे तेव्हा दिवस भरले होते. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. ती उंबऱ्यात बसून राहिली.

"मी नाही जात त्या तळघरात," ती म्हणाली. "आई, तूच सांगितलंस ना मला लहानपणी, की चंद्र मधे येतो आणि जातो?"

"हो गं बाई."

"मग कशाला जाऊ?"

आभाळबाईचं अर्धं मन गच्चीवर गेलेलं होतं. "लोकांत राहायचंय आपल्याला," ती म्हणाली. "मीच ग्रहणाची वेळ सांगायची आणि माझीच लेक बाहेर फिरायची, कसं दिसेल ते? दोन घटका बसून ये. एवढ्यानं काय होतंय."

आणि तिनं लेकीला हाताला धरून स्वतः तळघरापर्यंत नेलं. बायांनो, हे नीट ऐका. दुसऱ्या कुणी ओढून नेलं नाही. जिला सगळं ठाऊक होतं, तिनं स्वतः नेलं.

तळघराच्या पायरीवर राही सुईण बसली होती. म्हाळूचा चेहरा बघून ती म्हणाली, "हिचं पोट खाली उतरलंय, बाई. हिला कोंडू नका. निदान मला तरी आत बसू द्या."

पहारेकरी म्हणाला, "आत फक्त पोटुश्या. तुझं वय बघ, आजे."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसत हसतच आत गेल्या. राजगुरूंची सून गेली, सुताराची बायको गेली, पहारेकऱ्याची बहीण गेली. राणी सगळ्यांत शेवटी गेली. दार लागलं.

आभाळबाई गच्चीवर चढली.

जसं तिनं सांगितलं होतं तसंच झालं. सूर्य कडेनं कमी कमी होत गेला, ऊन पिवळं पडलं, गार वारा सुटला. पाखरं झाडांवर परतली. मग एकाएकी दिवा मालवल्यासारखं झालं, आणि भर दुपारी चांदण्या आल्या. तिचे डोळे भरून वाहिले. जन्मभराच्या गाठी खऱ्या ठरल्या होत्या. मग सूर्याची कड पुन्हा चमकली. उजेड वाढत गेला. चंद्र पुरता बाजूला होईपर्यंत ती गच्चीवर थांबली, कारण तिला शेवटची गाठ मारायची होती.

गाठ मारून ती गाणं गुणगुणत खाली उतरली. अंगणात आली आणि थबकली.

अंगणात अख्खं गाव उभं होतं. डोक्यावर लख्ख ऊन पडलं होतं, माणसांच्या सावल्या फरशीवर काळ्याभोर उमटल्या होत्या, कावळे ओरडत होते. आणि सगळे खाली मान घालून परातीकडं बघत होते. परातीत राजाचं मुसळ उभं होतं. हलतही नव्हतं.

तिला आधी हसूच आलं. "अहो, ग्रहण सुटलं. दार उघडा."

"मुसळ उभं आहे," राजगुरू म्हणाले.

"वर बघा की."

"वर बघू नये, बाई. मुसळ पडल्याशिवाय वर बघू नये."

"अहो, मग खाली बघा. तुमची सावली पडलीय समोर. सूर्य सुटल्याशिवाय सावली पडेल का एवढी?"

एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आभाळबाई, लागायची वेळ तुमची, सुटायची वेळ मुसळाची. आजवर असंच चालत आलंय. तुम्ही तरी कधी नाही म्हणालात?"

खरंच, ती कधी नाही म्हणाली नव्हती.

ती राजाकडं वळली. राजा घामाघूम झाला होता. "महाराज, ग्रहण म्हणजे नुसती सावली. चंद्र मधे आला होता, तो सरकला. राक्षस नाही, दोष नाही, काही नाही. गरोदर बाईला त्यानं काही होत नाही. दार उघडा."

अंगणात कुजबुज झाली. राजानं तिच्याकडं एकटक बघितलं. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून."

"मी विचारलं होतं तेव्हाही?"

तिनं मान डोलावली.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

राजगुरू हळूच म्हणाले, "महाराज, त्यांची लेक आत आहे. आईचं मन आहे, काहीही बोलेल. माझीही सून आत आहे. मी काय दगड आहे? पण मी नियम मोडत नाही."

आणि लोकांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं जिच्या शब्दावर ते उठत-बसत होते, तिचं खरं ऐकून त्यांना ती खोटं बोलतेय असं वाटलं. आभाळबाई हात जोडून एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. कुणी तिच्याकडं बघेना, सगळे मुसळाकडं बघत होते.

तेवढ्यात दाराला आतून धक्के बसायला लागले. आधी जोरात, मग हळू. राही सुईण दाराला कान लावून बसली होती, ती ओरडली, "अहो, कुणीतरी अडलीय आत. मला जाऊ द्या. मुसळ मुसळ काय करता?"

"आजे, थांब जरा," पहारेकरी म्हणाला. त्याची नजर मुसळावरून हलेना. "पडेल आता. पडेलच."

सुतार गर्दीत उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याला कळलं होतं की ते पडणार नाही. आज नाही, उद्या नाही. पण हे कळून त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, कारण रीतीविरुद्ध बोललेलं माणूस त्या अंगणात आजच्या आधी कुणी बघितलं नव्हतं, आणि आज जी बोलली तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

आतले धक्के थांबले.

मग आभाळबाई धावली. पहारेकऱ्यांच्या मधून ती कशी गेली कुणाला कळलं नाही. तिनं दोन्ही हातांनी मुसळ ढकललं. परात उपडी झाली, पाणी फरशीवर पसरलं, मुसळ धाडकन पडून गडगडत गेलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पडलं." आणि लगेच सगळे म्हणायला लागले, "पडलं, पडलं, सुटलं." पहारेकऱ्यानं अडसर काढला. ते पाडलं गेलं की आपोआप पडलं, हे त्या घटकेला कुणी बघितलंही नाही. पडलं, एवढंच त्यांना पुरे होतं.

दार उघडलं तशी आतून कोंदट वाफ आली. बाया भिंतीला टेकून, एकमेकींच्या मांडीवर, कशाही पडलेल्या. राणीला उचलून आणलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिनं डोळे उघडले. राजगुरूंची सून शुद्धीवर आली. एकेक करून सगळ्या आल्या.

म्हाळू तळघराच्या पार टोकाला होती. ती अंधारातच बाळंत झाली होती. सुताराच्या बायकोनं चाचपडत, जमेल तसं केलं होतं. मुलगी होती. राहीनं तिला हातात घेतलं, पालथी केली, पाठ चोळली, तोंडात बोट घातलं, तोंडाला तोंड लावून वारा फुंकला. खूप वेळ केलं. सगळं गाव बघत होतं. ऊन अगदी स्वच्छ पडलं होतं.

मग राहीनं मुलगी पदरात गुंडाळली. "चांगली भरलेली आहे," ती म्हणाली. "नाकडोळे बघा कसे. हिला नुसती हवा पाहिजे होती. मी दाराशीच बसले होते."

आभाळबाई लेकीपाशी बसली. तिला वाटलं म्हाळू ओरडेल, मारेल. म्हाळूनं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "आई, तुला ठाऊक होतं."

एवढंच. त्यापुढं ती कितीतरी दिवस बोलली नाही.

आता तुम्हाला वाटेल, हे बघून लोक शहाणे झाले असतील. नाही झाले. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं. आभाळबाईनं मुसळ पाडलं, वेळेआधी पाडलं, म्हणून तिची नात गेली. पाणवठ्यावर हेच, बाजारात हेच. ऊन पडलेलं ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तेच हे बोलत होते. आभाळबाईनं ते ऐकलं. तिला पहिल्यांदा कळलं, की राक्षस खरंच आहे. फक्त तो आभाळात राहत नाही.

राणीला ताप भरला होता, तो उतरायला काही दिवस लागले. उठून बसली त्या दिवशी तिनं पहिलं काम काय केलं असेल? ती अंगणात आली आणि म्हणाली, "ते मुसळ आणा. परात आणा. पाणी घाला. उभं करा."

"राणीसाहेब, आज ग्रहण नाही," राजगुरू म्हणाले.

"म्हणूनच म्हणते. उभं करा."

मुसळ उभं केलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. लोक जमले. मुसळ उभं राहिलं. दुपार झाली. सूर्य डोक्यावर रखरखत होता, मुसळ उभं होतं. कुणी घरी जेवायला गेलं नाही. उन्हं कलली. राजगुरू परातीजवळ येऊन बसले. मुसळाकडं बघता बघता त्यांच्या सुनेचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं येत होता. सूर्य मावळला. मुसळ उभंच.

राणी राजाला म्हणाली, "तुम्ही ह्याच्या पडण्याची वाट बघत होता. आम्ही आत होतो."

राजानं पुढं होऊन ते मुसळ आडवं केलं.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः चालत आभाळबाईच्या घरी गेला. "बाई, मी राजगुरूंना राज्याबाहेर घालवतो," तो म्हणाला.

"नका घालवू," ती म्हणाली. "त्यांना ठाऊक नव्हतं, ते भ्यायले. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. दोघांत मोठा दोष कुणाचा, ते तुम्हीच सांगा. घालवायचं तर मला घालवा."

"मग मी करू काय?"

"गच्ची परत घ्या. मला ती नको. तिथून खालचं काही दिसत नाही."

त्या दिवसापासून आभाळबाई बाजारात बसायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती म्हणायची, "एक डोळा मीट. आता अंगठा डोळ्यापुढं धर आणि त्या देवळाच्या कळसाकडं बघ. दिसतो कळस?"

"नाही दिसत."

"अंगठ्यानं गिळला का त्याला?"

"नाही. अंगठा मधे आला."

"अंगठा बाजूला कर. कळस बाटला का?"

लोक हसायचे. टवाळ पोरं म्हणायची, "म्हातारी सगळ्या गावाला अंगठा दाखवते." ती म्हणायची, "दाखवते, आणि तुझ्या बायकोलाही दाखवणार आहे, पाठवून दे तिला." कुणी ऐकायचं, कुणी तोंड फिरवायचं. काही बाया तर तिला बघून पोरांना पदराआड घ्यायच्या, नातीला खाल्लेली म्हणायच्या. ती ते ऐकायची आणि पुढच्याला अंगठा धरायला सांगायची. जे कधीकाळी एका वाक्यात सांगून झालं असतं, ते सांगायला तिला आता उरलेला सगळा जन्म लागणार होता.

काही वर्षांनी पुन्हा एक ग्रहण आलं. आणि म्हाळूला पुन्हा दिवस होते.

गावात चुळबुळ सुरू झाली. आता काय करणार? लेकीला बाहेर बसवणार का आत? ज्यांनी अंगठा धरून बघितला होता, तेही म्हणत होते, बघू तिची लेक काय करते ते, मग आपण ठरवू.

म्हाळू म्हणाली, "आई, मी चौकातल्या लिंबाखाली बसणार."

आणि काय सांगू, आभाळबाई भ्याली. तिला पक्कं ठाऊक होतं की ती नुसती सावली आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि भरल्या पोटाच्या लेकीला सगळ्या गावादेखत तिथं बसवणं वेगळं. बाळाला दुसऱ्याच कशानं काही झालं तरी लोक म्हणतील ग्रहणानं झालं, आणि पुन्हा कितीतरी लेकी कोंडल्या जातील.

"घरात बस ना गं," तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हाळू तिच्याकडं बघत राहिली. मग आभाळबाई उठली, चटई काखोटीला मारली आणि लेकीच्या पुढं चालायला लागली.

त्या दोघी लिंबाखाली बसल्या. सूर्याकडं कुणी नजर लावू नका, त्यानं डोळे जातात, तेवढं मात्र खरं आहे, असं म्हाळूनं जमलेल्यांना बजावून सांगितलं. सगळे खाली बघत होते. ग्रहण लागलं, आणि लिंबाच्या पानापानांतून जे कवडसे पडत होते ते बारीक होत गेले. बघता बघता जमिनीवर चंद्रकोरी सांडल्या, ओंजळभर, पसाभर, चौकभर. म्हाळूच्या लुगड्यावर पडल्या, तिच्या पोटावर पडल्या. आतल्या बाळानं पाय मारला तशा त्या कोरी हलल्या.

एक सासू आपल्या सुनेला हाताला धरून लांब उभी होती. ती हळूहळू जवळ आली आणि सुनेला म्हणाली, "बस गं तूही. गार वाटतंय इथं." मग दुसरी आली. मग राजगुरूंची सून आली. तिला सोडायला राजगुरू आले होते. ते झाडाला टेकून उभे राहिले.

आभाळबाईनं ते ग्रहण बघितलंच नाही. ती सगळा वेळ लेकीचा चेहरा बघत होती.

पुढच्या पंधरवड्यात म्हाळू बाळंत झाली. तोवर गाव श्वास रोखून होतं. राहीनं खिडकी उघडी ठेवली होती, त्यामुळं बाळाचं रडणं थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. रस्त्यात उभ्या असलेल्या बायांनी ते ऐकलं आणि एकमेकींचे हात घट्ट धरले. मुलगा होता. ओठ, बोटं, सगळं जिथल्या तिथं. ज्या बाया त्या दिवशी लिंबाखाली बसल्या होत्या, त्यांच्याही घरी पुढं पाळणे हलले.

आभाळबाई पुढं वारली. तिच्या गाठी कशा वाचायच्या हे म्हाळूला येत होतं, म्हाळूकडून इतर पोरींना आलं. त्या मुलखात अजून दवंडी पिटतात म्हणे, पण तिची रीत बदलली आहे. दवंडीवाला आधी ग्रहण म्हणजे काय ते सांगतो आणि मग वेळ सांगतो. फक्त वेळ सांगून पुढं निघाला, तर बाया त्याला दारातून हलू देत नाहीत.

बोध: आपल्याला कळलेलं खरं वेळेवर सगळ्यांना सांगावं, आपल्याच लेकरावर बेतल्यावर सांगितलेलं खरं कुणाला खरं वाटत नाही.